ताईची चार बटणं: घरी येणाऱ्या मदतनीसाचे तास निम्मे केले, आता काय करावं?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या. देश, शहर मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पाचव्या प्रतिसादाला गाडी राजकारणावर जाते आणि माझा प्रश्न फलाटावरच राहतो.

माझी मोठी बहीण, ताई, ६६ वर्षांची. सव्वादोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. समजतं सगळं, पण तोंडातून चारच शब्द निघतात. त्यातला एक म्हणजे माझं लहानपणचं हाक मारायचं नाव, जे आता जगात दुसरं कुणी घेत नाही. ती माझ्याकडे असते. मी ५८ चा, एकटा, निवृत्तीला दोन वर्षं आहेत. सव्वानऊला घर सोडतो, साडेसहाला परत.

सरकारी योजनेतून एक मदतनीस येते, रोज तीन तास, म्हणजे आठवड्याला २१. वयाने माझ्याहून बरीच लहान आहे, पण आम्ही मावशी म्हणतो. अकरा ते एक अंघोळ, कपडे, व्यायाम, जेवण, संडास-बाथरूम. मग चार ते पाच पुन्हा एकदा. मधले एक ते चार ताई खुर्चीत एकटी असते, हाताशी घंटी आणि शेजाऱ्यांचा नंबर लावलेला फोन.

परवा पत्र आलं. 'निधीच्या पुनर्रचनेनुसार' पुढच्या महिन्यापासून २१ चे साडेदहा. सकाळी एक तास, दुपारी अर्धा. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: घरात सक्षम प्रौढ व्यक्ती उपलब्ध. ती सक्षम प्रौढ व्यक्ती म्हणजे अस्मादिक. बारा ते चार मी कुठे 'उपलब्ध' असतो ते कुणी विचारलं नाही.

आता जे मला कागदावर मांडता येत नाहीये ते सांगतो. अंघोळीनंतर ताई शर्टाची चार बटणं स्वतः लावते, डाव्या हाताने. एका सुट्टीच्या दिवशी मी घड्याळ लावून पाहिलं. ११ मिनिटं. तेवढा वेळ मावशी समोर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसते. तिसरं बटण हटकून निसटतं, तेव्हा ती फक्त काज थोडं ताणून धरते. बाकी हात लावत नाही. दारातून बघणाऱ्याला वाटेल, बाई बसून पगार खातेय. पलंगावरून खुर्चीत बसवतानाही तेच. मावशी 'एक, दोन' म्हणते आणि थांबते. 'तीन'ला ताई डाव्या पायाने रेटा देते. मी रविवारी हेच करतो तेव्हा माझ्याच्याने थांबवत नाही, सरळ उचलतो. ताई तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

अर्ध्या वेळात बटणं बसणार नाहीत. शर्ट डोक्यावरून घातला जाईल, माणूस उचलला जाईल.

मी धंद्याने हिशेब तपासनीस. खरं सांगतो, हे काम माझ्या टेबलावर आलं असतं तर त्या ११ मिनिटांपुढे मी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं असतं. 'सेवेचा कालावधी तर्कसंगत करावा' असे शेरे मी आयुष्यभर लिहीत आलोय. 'तर्कसंगत' हा शब्द पत्रात आहेच, पहिल्याच परिच्छेदात.

हरकत घ्यायला ३० दिवस आहेत. माझे प्रश्न:

ज्यांच्याकडे अशी कपात आधीच झाली, त्यांच्या घरात नेमकं काय झालं? सहानुभूती नको, तपशील हवेत. आणि हरकतीच्या अर्जात काय लिहिल्याने फरक पडतो?

रात्रपाळी

मी सांगते नेमकं काय झालं ते. पहिले सहा आठवडे काहीही झालं नाही.

थट्टा नाही करत. सासूबाईंचे १८ तासांचे ८ झाले तेव्हा मी, नवरा, लेक, तिघांनी मिळून तक्ता केला आणि फ्रिजला चिकटवला. सगळे उत्साहात. लेक कॉलेज सुटल्यावर धावत यायची. सहाव्या आठवड्याला कार्यालयातून फोन आला, 'नव्या व्यवस्थेत काही अडचण?' नवऱ्याने सांगून टाकलं, 'चाललंय.' त्यांनी ते लिहून घेतलं. झालं. नंतर जेव्हा जेव्हा तक्रार केली तेव्हा समोरून तोच कागद निघायचा.

आठव्या आठवड्यात लेकीच्या परीक्षा आल्या. दहाव्यात सासूबाई पाणीच पिईनाशा झाल्या. का, तर दुपारी बाथरूमला न्यायला कुणी नसतं म्हणून आपणच कमी प्यायच्या. सांगितलं मात्र नाही कुणाला. मग लघवीचा संसर्ग, ताप, त्या तापात भ्रम, रात्री दोन वाजता उठून चालायला गेल्या आणि पडल्या. खुबा मोडला. दवाखान्याच्या कागदावर कारण काय? 'घरात पाय घसरून पडल्या.' आता त्या पडण्याचा आणि दहा आठवड्यांपूर्वीच्या पत्राचा संबंध कोण लावणार? कुठल्या रकान्यात?

मी नोकरी सोडली त्या वर्षी. माझ्या कंबरेचं काय झालं ते लिहीत नाही, तुम्ही तपशील मागितलेत पण माझे मलाच वाचवत नाहीत.

एकच सांगणं. अर्जात कुठेही 'मी करीन', 'आम्ही बघू', 'जमवून घेऊ' असं लिहू नका. आपल्याकडे हे शब्द तोंडात बसलेले असतात. समोरचा ते तास म्हणून मोजतो.

स्पष्टवक्ता

राग येईल, पण लिहितो. जमाखर्च, सख्ख्या बहिणीची चार बटणं लावायला सरकारी माणूस कशाला हवा? तुम्ही सकाळी साडेआठला लावू शकता. आमच्या आईचं आम्ही शेवटपर्यंत घरात केलं, एक पैसा कुणाकडून घेतला नाही. म्हातारी माणसं वाढतायत, कर भरणारे कमी होतायत, तिजोरीला तळ असतो. हिशेब तपासनीस माणसाला हे मी सांगायला हवं?

दुसरं असं की जास्त तास म्हणजे जास्त चांगलं, हे कुणी ठरवलं? डेन्मार्कमध्ये नगरपालिकांवर २०१५ मध्ये कायद्याने बंधन आलं की ज्याचं सुधारण्यासारखं आहे त्याला कायमची मदत लावण्याआधी ठरावीक मुदतीचं प्रशिक्षण द्यायचं, म्हणजे माणूस स्वतःचं स्वतः करायला शिकतो. मदत कमी करणं म्हणजे क्रौर्यच, असं दर वेळी नसतं.

पायवाट

स्पष्टवक्ते, डेन्मार्कचा मुद्दा बरोबर आहे तुमचा, पण तो पुन्हा वाचा. तिथे आधी माणसं आणि वेळ जास्त घालतात, शिकवतात, मग तास उतरतात. दादांच्या घरी मावशी स्टुलावर बसून जे करतेय ते नेमकं तेच प्रशिक्षण आहे हो. पत्राने तेच कापलंय.

मी १९ वर्षं घरपोच सेवेत काढली. पहिली नऊ स्वतः घरोघरी, पुढची दहा वेळापत्रक लावायला टेबलावर. दोन्हीकडून पाहिलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निधी कापला की वरून कुणी 'सेवा बंद करा' म्हणत नाही. भेट लहान होते. तासाची पाऊण, पाऊणाची अर्धा, अर्ध्याची पंधरा मिनिटं. इंग्लंडमध्ये हे इतकं बोकाळलं की तिथली आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचना काढणारी संस्था, नाइस, हिला २०१५ मध्ये लिहून द्यावं लागलं की काही मोजके अपवाद सोडले तर भेट अर्ध्या तासाहून लहान असू नये. पंधरा मिनिटांत काय होतं ते मी करून पाहिलंय. दार उघडून आत जायचं, हातमोजे, डायपर, गोळ्या, वहीत सही, बाहेर. माणसाशी बोलायला तोंड उघडलं की पुढची भेट चुकते. आणि एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळ आमच्याकडे कधी पगारात धरलाच नाही. पूर्वी तीन तासांची तीन घरं करणारी बाई आता नऊ घरं करते, आठ प्रवास फुकट करते. मग ती सोडते. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत मी मंजूर तासही भरू शकत नव्हते, माणसंच नव्हती. म्हणून दादा, साडेदहाच्या पत्राचा अर्थ साडेदहा तास मिळतील असा धरू नका. आणि मावशीच येईल असंही नाही. नव्या बाईला ताईंचं 'एक, दोन' माहीत नसणार.

आता अर्जाचं. वर्णन लिहू नका, वही ठेवा. दोन आठवडे, दिवसरात्र. प्रत्येक वेळी हात लावला की किती वाजले, काय केलं, किती मिनिटं, एक माणूस पुरला की दोन. रात्रीचं विसरू नका, कूस बदलायला उठता ना? ते कुणी लिहीतच नाही, कारण ते काम वाटत नाही. आणि वाईट दिवस लिहा. आपल्याला सवय असते पाहुण्यांसमोर चांगला दिवस दाखवायची.

डॉक्टरांकडून बार्थेल निर्देशांक भरून घ्या. १९६५ पासून वापरात आहे, जेवण, अंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून खुर्चीत जाणं असे दहा विषय, एकूण गुण १००. पक्षाघाताच्या रुग्णांचा बहुधा आधीच कुठेतरी फाइलमध्ये असतो. तेव्हाचा आणि आत्ताचा, दोन्ही जोडा. सुधारणा दिसली तर घाबरू नका, ती कशामुळे टिकलीय तेच तर सांगायचंय.

एक काम आजच करा. ताईंना कुशीवर वळवून माकडहाड आणि टाचा बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाब काढल्यावर पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. दाबला तरी लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात आहे, त्वचा फाटलेली नसली तरी. त्या जागेवरचा भार ताबडतोब काढा, नर्सला दाखवा, तारखेसह फोटो काढून ठेवा. तीनाचे चार तास एका बैठकीत, बाजू न बदलता, हे शरीराला छोटं नसतं.

जमाखर्च

पायवाटताई, आत्ताच बघून आलो. डाव्या टाचेवर नखाएवढा डाग आहे. दाबल्यावर पांढरा होतो. हे मला सव्वादोन वर्षांत माहीत नव्हतं, कारण बघायचं काम मावशीचं. लाज वाटली.

रात्रपाळी, तुमचा 'चाललंय' वाचून थंडी भरली. मी परवा फोनवर अगदी तेच म्हटलं त्यांना. 'बघू, करू काहीतरी.'

स्पष्टवक्ते, राग नाही. प्रश्न रास्त आहे, मीही स्वतःला विचारलाय. साडेआठला बटणं मी लावू शकतो. लावूही शकेन. पण मग ती मी लावलेली असतील. शिवाय ताईची अंघोळ. मी भाऊ आहे. पहिल्या महिन्यात मदतनीस मिळेपर्यंत मीच घातली. तिने महिनाभर डोळे मिटून घेतले होते. आपल्या माणसाचं आपण करावं हे तुमचं खरं, पण आपल्या माणसालाही काही म्हणायचं असतं, आणि हिच्याकडे तर शब्द चारच.

तुमच्या आईचं घरात केलंत, ते 'केलं' कोणी, एवढं विचारू का? टोमणा नाही.

स्पष्टवक्ता

बायकोने. आणि थोरल्या वहिनीने.

मी रात्री असायचो.

आकडेमोड

चर्चा चांगली चाललीय, थोडी भर. तिजोरीला तळ असतो हे मान्य. पण कात्री नेमकी इथेच का लागते, याला कारणं आहेत आणि ती भावनेची नाहीत, रचनेची आहेत.

अमेरिकेचं उदाहरण सगळ्यात उघड आहे. तिथल्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत नर्सिंग होमचा खर्च देणं राज्यांना बंधनकारक, आणि तीच मदत घरी देणं बहुतांशी ऐच्छिक. केटी बेकेट नावाची मुलगी होती, तान्हेपणी मेंदूज्वर होऊन श्वासाच्या यंत्रावर गेलेली. घरी राहू शकत होती, खर्चही कमी आला असता, पण योजना पैसे द्यायची ते फक्त रुग्णालयात असेपर्यंत. १९८१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिचं उदाहरण जाहीरपणे दिलं, नियमाला अपवाद झाला, ती तीन वर्षांची असताना घरी आली. त्याच वर्षी राज्यांना घरच्या सेवेसाठी सूट मागायची सोय कायद्यात आली. पण सूट ती सूटच. २०२४ मध्येही प्रतीक्षायादीत ७ लाखांच्या आसपास लोक होते. आणि ४ जुलै २०२५ च्या कायद्याने केंद्राचा मेडिकेडवरचा खर्च दहा वर्षांत मोठ्या प्रमाणावर घटणार म्हटल्यावर राज्यं आधी कुठे हात घालतील? जे ऐच्छिक आहे तिथेच. बंधनकारकाला हात लावता येत नाही.

दुसरं उदाहरण जपानचं, हे तपासनीस माणसाला आवडेल. तिथे २००० पासून सक्तीचा शुश्रूषा विमा आहे, वयाच्या चाळिशीपासून हप्ता. एप्रिल २०२४ मध्ये घरी जाऊन सेवा देणाऱ्यांचा मूळ दर सरकारने कमी केला. कारण काय, तर पाहणीत या संस्थांचा नफा ७.८ टक्के निघाला आणि सगळ्या शुश्रूषा सेवांची सरासरी २.४. म्हणजे हे लोक मजेत आहेत! आता हा ७.८ आला कुठून? एकाच इमारतीत पन्नास म्हातारे राहतात आणि मदतनीस मजले बदलते, अशा संस्थाही या सरासरीत आहेत. आणि डोंगराळ भागात एका घरासाठी पाऊण तास गाडी हाकणारी छोटी संस्थाही तिच्यातच. दर दोघांचा कापला. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या दिवाळखोरीचा त्या वर्षी तोवरचा उच्चांक झाला.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट. 'घरची मदत कापाल तर दवाखान्याचा खर्च वाढेल' असं आपण छातीठोकपणे म्हणतो. इंग्लंडमध्ये २००९ नंतर वृद्धांच्या शुश्रूषेवरचा सरकारी खर्च घटला, त्याचा अर्थशास्त्रज्ञांनी नीट अभ्यास केला. ६५ च्या वरच्या लोकांच्या तातडीच्या विभागातल्या फेऱ्या स्पष्ट वाढल्या. पण भरती होऊन राहण्याच्या खर्चात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे वाचवलेला पैसा दवाखान्याच्या बिलातून पुरता परत येतोच असं नाही. मग तो बोजा गेला कुठे? तो स्पष्टवक्त्यांच्या वहिनींच्या हातात गेला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये काढलेला आकडा आहे, ६४ देशांत मिळून रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी शुश्रूषा आणि घरकाम होतं, त्यातलं ७६.२ टक्के बायका करतात. हे कुठल्याच अर्थसंकल्पात खर्चाच्या बाजूला नसतं.

त्यामुळे जमाखर्च, अर्जात 'दीर्घकाळात सरकारचंच नुकसान होईल' हा युक्तिवाद करू नका. अधिकारी तो रोज वाचतो, आणि पुढच्या वर्षीचं नुकसान हे त्याच्या खात्याचं नसतंच. नेदरलँड्समध्ये घरकामाची मदत २००७ पासून नगरपालिकांकडे आहे; २०१५ ला तिचा निधी कापला, तेव्हा काही पालिकांनी तास ठरवणंच सोडलं, 'घर स्वच्छ राहील' एवढंच पत्रात. २०१६ मध्ये तिथल्या वरच्या न्यायाधिकरणाने बजावलं की मदत किती हवी ते वस्तुनिष्ठ निकषांवर ठरलं पाहिजे. तुम्हीही तेच विचारा: साडेदहा हा आकडा कशाच्या मोजमापातून आला? २१ ला दोनने भागलं, की ताईंना बघून ठरवलं?

रात्रपाळी

सगळं वाचलं. 'वहिनींच्या हातात गेला' वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

आणखी एक अभ्यास माझ्याकडून, आमच्या डॉक्टरांनी दाखवला होता. १९९९ चा अमेरिकेतला. वयस्क जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्के जास्त होतं. शुश्रूषा करणाऱ्यांच्यात. जमाखर्चदादा, अर्जात एक पान स्वतःचंही जोडा. रक्तदाब, पाठ, झोप. लाज न बाळगता. 'सक्षम प्रौढ व्यक्ती' लिहिलंय ना त्यांनी, मग सक्षम किती ते त्यांना कळू दे.

जमाखर्च

(पाच आठवड्यांनंतर.) धागा वर काढतोय, कारण काहींनी व्यक्तिगत निरोप करून विचारलं.

वही लिहिली. १४ दिवस, ३९ पानं. माझाच अंदाज साफ चुकला. मला वाटत होतं रात्री मी एकदा उठतो, भरलं ते सरासरी अडीच वेळा. एकट्याने उचलताना दोनदा तोल गेला, तेही लिहिलं. मोजमापाचा आधार विचारणारं पत्र वेगळं दिलं. लेखी उत्तर आलं नाही, पण फेरतपासणीला बाई पाठवतो म्हणाले. तोवर जुने तास चालू.

परवा त्या बाई आल्या. तरुण होत्या, नीट वागल्या. दिवसात अकरा घरं असतात म्हणाल्या, बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर. मावशी मुद्दाम आली होती, तिची भेट नसताना. मी म्हटलं, अंघोळ झालीच आहे, बटणं बघा. ताईला परकं माणूस समोर असल्यामुळे पहिलंच बटण सापडेना. मावशी गप्प. मीही गप्प, दोन्ही हात खिशात. १४ मिनिटं लागली. तिसरं निसटलं, दोनदा. चौथं लागल्यावर ताईने मान वर केली आणि त्या बाईंना माझं नाव सांगितलं. म्हणजे माझ्या नावाने काहीतरी सांगितलं, तिच्याकडे तेवढाच शब्द आहे.

बाई हसल्या, 'छान!' म्हणाल्या आणि फॉर्मवर बघून मला विचारलं, 'शर्ट स्वतः घालता येतो, मग हो लिहू ना?'

तिथे दोनच चौकोन होते. हो, नाही. 'हो'चे गुण तास कमी करणार. 'नाही' लिहावं तर ताई तिथेच बसलेली, तिला सगळं समजतं, आणि आत्ताच लावलीत तिने. मी म्हटलं हा एक रकाना रिकामा ठेवा, दोन दिवसांत लिहून देतो. त्या कबूल झाल्या. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.

आयुष्यभर लोकांकडून 'हो की नाही तेवढं सांगा' म्हणून उत्तरं घेतली. काय लिहू?

आकडेमोड

उत्तर पायवाट देतील, मी फक्त एक नोंद करतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात घरच्या मदतीचे तास नर्सऐवजी संगणकाचं सूत्र ठरवू लागलं. एका बाईंचे आठवड्याचे ५६ तास ३२ वर आले. पाय कापलेल्या एका रुग्णाच्या फॉर्मवर 'पायाच्या तक्रारी' समोर 'नाही' अशी नोंद झाली, कारण पायच नव्हता. तिथले वकील ते सूत्र कोर्टात सोडवून दाखवू लागले तेव्हा चुका निघाल्या, आणि २०१८ मध्ये कोर्टाने ते थांबवलं. तेव्हा चौकोनाला भिऊ नका, त्याच्या बाहेर लिहा.

पायवाट

दादा, 'नाही' लिहू नका. एकदा ताईंनी तो कागद पाहिला तर बटणं बंद होतील, मी पाहिलंय असं.

'हो' वर खूण करा आणि पुढे लगेच लिहा: डाव्या हाताने, ११ ते १४ मिनिटांत, समोर ओळखीची प्रशिक्षित व्यक्ती पूर्ण वेळ बसली असता; तिसऱ्या बटणाला आधार लागतो; ती व्यक्ती नसल्यास नाही. खाली त्या बाईंचं नाव, तारीख, वेळ टाका, त्यांच्यासमोर झालंय हे नोंदलं गेलं पाहिजे. जागा पुरली नाही तर मागच्या पानावर लिहा आणि पुढे 'मागे पाहा' असं मोठ्या अक्षरात. लाल पेन आहेच तुमच्याकडे.

टाचेचा डाग कसा आहे?